गुणाकाराचा आयत कुठे कापावा : कागदावर आणि मनात करायच्या गुणाकाराचे मार्गदर्शन

दोन अंकी गुणाकार करताना दुसरी ओळ लिहिण्याआधी एककाच्या घरात शून्य मांडायचे किंवा फुली मारायची, हे आपल्या सर्वांना शाळेत शिकवलेले असते. ते शून्य तिथे का येते हे मात्र थोड्यांनाच सांगता येते, आणि गुणाकाराच्या युक्त्या शिकू पाहणाऱ्या नवशिक्याची अडचण इथूनच सुरू होते. अकराने गुणण्याची एक युक्ती, पाचाने संपणाऱ्या संख्येच्या वर्गाची दुसरी, शंभराजवळच्या संख्यांची तिसरी, अशा सुट्या सुट्या युक्त्या पाठ केल्या की त्या काही दिवस लक्षात राहतात, मग एकमेकींत मिसळतात आणि ऐन वेळी कोणती कुठे लागू पडते हेच आठवत नाही. म्हणून या लेखात युक्त्यांची यादी न देता एकाच चित्रापासून सुरुवात केली आहे. ते चित्र म्हणजे आयत. कागदावरची कोणतीही मांडणी आणि मनातली कोणतीही युक्ती म्हणजे त्या आयताचे सोयीच्या ठिकाणी केलेले तुकडे असतात, आणि तो कुठे कापायचा हे ओळखता येऊ लागले की बाकीचे काम बेरजेचे उरते.

सुरुवातीला चौकटींची वही, पेन्सिल आणि दहापर्यंतचे पाढे एवढे पुरेसे आहे. पाढे कच्चे असतील तर ते आधी पक्के करावेत, कारण पुढील प्रत्येक रीत मोठा गुणाकार मोडून एकअंकी गुणाकारांवर आणते. ते एकअंकी गुणाकार अडखळत होत असतील तर कोणतीही रीत वेग देणार नाही.

पहिली पायरी : आयत काढणे

२३ × १४ हा गुणाकार घ्यावा. वहीच्या चौकटींवर २३ घरे लांब आणि १४ घरे उंच असा आयत काढावा. त्याच्या आतील घरांची संख्या हेच आपले उत्तर आहे. आता लांबीच्या बाजूवर डावीकडून २० घरे मोजून एक उभी रेषा आणि उंचीच्या बाजूवर वरून १० घरे मोजून एक आडवी रेषा ओढावी. आयताचे चार तुकडे होतात : २० × १० म्हणजे २००, ३ × १० म्हणजे ३०, २० × ४ म्हणजे ८० आणि ३ × ४ म्हणजे १२. चौघांची बेरीज ३२२.

एकदा खरी घरे मोजून झाली की पुढच्या वेळी प्रमाणशीर आकृतीची गरज नाही. हाताने ओढलेला एक चौकोन आणि त्यात एक उभी व एक आडवी रेषा पुरते. वर ४० आणि ७, बाजूला ३० आणि ६ असे लिहिले की ४७ × ३६ ची मांडणी तयार झाली. घरांत अनुक्रमे १२००, २१०, २४० आणि ४२ येतात आणि बेरीज १६९२ होते. वरच्या दोन घरांची बेरीज १४१० आणि खालच्या दोन घरांची बेरीज २८२ आहे. शाळेच्या रीतीने हाच गुणाकार केला तर पहिली ओळ २८२ येते आणि दुसरी १४१०. एककाच्या घरातले ते शून्य कुठून आले, हे येथे उघड दिसते : दुसऱ्या ओळीत आपण ३ ने नव्हे, तर ३० ने गुणत असतो. नवशिक्याने या पायरीवर घाई करू नये. शाळेची उभी मांडणी आणि हा आयत यांतील प्रत्येक संख्या एकमेकांशी जुळवून पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात फायदा नाही.

रेषा आणि छेदबिंदू

समाजमाध्यमांवर रेषा ओढून केलेल्या गुणाकाराच्या चित्रफिती पुष्कळ फिरतात. ती रीत वेगळी नाही. आयताच्या घरांऐवजी तिथे रेषांचे छेदबिंदू मोजतात. २१ × १३ साठी वर दोन आडव्या रेषा ओढाव्यात, मग थोडी जागा सोडून खाली एक. या २ दशक आणि १ एककाच्या रेषा झाल्या. आता त्यांना छेदणारी डावीकडे एक उभी रेषा, आणि जागा सोडून उजवीकडे तीन. डावीकडे वर २ छेदबिंदू मिळतात, ते शतक; उजवीकडे वर ६ आणि डावीकडे खाली १ मिळून ७, ते दशक; उजवीकडे खाली ३, ते एकक. उत्तर २७३. एखाद्या संख्येत शून्य असेल तर त्याच्या जागी तुटक रेषा ओढून तिचे छेदबिंदू मोजू नयेत.

लहान मुलांना गुणाकाराची कल्पना दाखवायला ही रीत चांगली आहे, पण रोजच्या वापरासाठी ती सुचवता येत नाही. अंक लहान असतील तोवरच ती झटपट वाटते. ८७ × ९६ अशी उदाहरणे या रीतीने केली तर २२५ छेदबिंदू मोजावे लागतात, आणि तेवढ्या वेळात हे उदाहरण कोणत्याही अन्य रीतीने दोनदा सोडवून होते.

जाळीची मांडणी

तीन-चार अंकी संख्यांसाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती जाळीची रीत, कारण तिच्यात गुणण्याचे काम आणि हातचा धरण्याचे काम पूर्णपणे वेगळे होते. नेहमीच्या उभ्या मांडणीत आपण गुणता गुणता हातचे मिळवत जातो आणि चुका बहुतेक तिथेच होतात. जाळीत आधी सगळे पाढे लिहून संपतात आणि मगच बेरीज सुरू होते.

ही मांडणी आपल्याकडे जुनी आहे. कोकणातील मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर १५४५ साली ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली, आणि तिच्यात अशा जाळीतील गुणाकाराचे वर्णन आहे.

३७४ × ५८ हे उदाहरण घेऊन पायऱ्या पाहू. तीन घरे रुंद आणि दोन घरे उंच अशी जाळी आखावी. वरच्या कडेला प्रत्येक घरावर ३, ७, ४ आणि उजव्या कडेला वरून खाली ५, ८ लिहावेत. मग प्रत्येक घरात उजव्या वरच्या कोपऱ्यापासून डाव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेषा ओढावी आणि ती जाळीच्या बाहेर थोडी वाढवावी. आता प्रत्येक घरात त्याच्या वरचा अंक आणि उजवीकडचा अंक यांचा गुणाकार लिहायचा. दशक तिरप्या रेषेच्या वरच्या भागात आणि एकक खालच्या भागात. गुणाकार एकअंकी आला तर दशकाच्या जागी शून्य अवश्य लिहावे.

वरची ओळ : १/५, ३/५, २/०
खालची ओळ : २/४, ५/६, ३/२

घरे कोणत्याही क्रमाने भरली तरी चालतात. यानंतर तिरप्या पट्ट्यांतील अंकांची बेरीज उजव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करावी. पहिल्या पट्टीत एकटा २ आहे. दुसऱ्या पट्टीत ३, ६ आणि ० मिळून ९. तिसऱ्या पट्टीत ५, ४, २ आणि ५ मिळून १६; त्यातला ६ लिहावा आणि हातचा १ घ्यावा. चौथ्या पट्टीत २, ३, ५ आणि हातचा १ मिळून ११. १ लिहून पुन्हा हातचा १. शेवटच्या पट्टीत १ आणि हातचा १ मिळून २. डावीकडून वाचले की उत्तर मिळते : २१,६९२.

तिरप्या पट्ट्या का जुळतात, हे आयताच्या चित्रातून समजते. एक घर उजवीकडे सरकले की गुण्याचा अंक दहापट लहान स्थानावर येतो, आणि एक घर वर सरकले की गुणकाचा अंक दहापट मोठ्या स्थानावर जातो. म्हणून एकाच तिरप्या पट्टीतले सर्व अंक एकाच स्थानाचे असतात, मग ते एकक असोत की सहस्र. जाळी आखायला वेळ लागतो हा या रीतीवरचा आक्षेप खरा आहे. चौकटींच्या वहीत तो वेळ बराच वाचतो, आणि चूक झालीच तर कोणत्या घरात झाली हे शोधून तेवढीच दुरुस्त करता येते, जे उभ्या मांडणीत सहसा जमत नाही.

तिरकस गुणाकार, डावीकडून उजवीकडे

आयतातली चार घरे कागदावर न लिहिता डोक्यात धरली की तिरकस गुणाकार तयार होतो. ४३ × २६ मध्ये शतकांच्या घरात ४ × २ = ८, दशकांच्या दोन घरांत ४ × ६ आणि ३ × २ मिळून ३०, आणि एककांच्या घरात ३ × ६ = १८ आहेत. कागदावर उत्तर लिहायचे असेल तर उजवीकडून सुरू करून हातचे धरत जावे. तोंडी करायचे असेल तर मात्र डावीकडून सुरुवात करण्याची सवय लावणे अधिक चांगले. मनात ८ धरावेत. त्याला दहाने गुणून ३० मिळवले की ११०. त्याला पुन्हा दहाने गुणून १८ मिळवले की १११८. या पद्धतीत एका वेळी एकच संख्या लक्षात ठेवावी लागते, हातचा असा वेगळा राहतच नाही, आणि पहिल्या पायरीपासूनच उत्तराचा साधारण आकार दिसू लागतो.

तीन अंकी संख्यांना हीच रीत पाच पायऱ्यांत लागू होते. २१३ × १२४ मध्ये डावीकडून येणाऱ्या बेरजा अशा आहेत : २ × १ = २; मग २ × २ आणि १ × १ मिळून ५; मग २ × ४, १ × २ आणि ३ × १ मिळून १३; मग १ × ४ आणि ३ × २ मिळून १०; शेवटी ३ × ४ = १२. मनातली संख्या २, २५, २६३, २६४०, २६४१२ अशी वाढत जाते. मधल्या पायरीत तीन गुणाकार एकत्र सांभाळावे लागतात आणि नवशिक्याचा गोंधळ बहुधा तिथेच होतो, म्हणून तीन अंकी उदाहरणांकडे दोन अंकी उदाहरणे सहज होऊ लागल्यावरच वळावे.

ही रीत हल्ली ‘वैदिक गणित’ या नावाने शिकवली जाते. स्वामी भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे ‘ऊर्ध्वतिर्यग्भ्याम्’ (हाच तिरकस गुणाकार), ‘निखिलम्’ (पुढे येणारी शंभराजवळच्या संख्यांची रीत) ही नावे घरोघरी पोहोचली. त्या ग्रंथातील सूत्रे उपलब्ध वेदसंहितांत आढळत नाहीत, हे अभ्यासकांनी दाखवून दिलेले आहे. रीत उपयोगी आहे ती आयताच्या चार घरांमुळे, आणि शिकवणाऱ्याने ते कारण विद्यार्थ्याला दाखवायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे.

मनातला गुणाकार : काप कुठे घ्यावा

आतापर्यंत आयत नेहमी दशक आणि एककाच्या सीमेवर कापला. तो तिथेच कापला पाहिजे असे मुळीच नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त १३५ × १२ हे एकच उदाहरण देऊन ते अनेक रीतींनी सोडवायला सांगितले आहे, आणि तोंडी गुणाकाराचा यापेक्षा चांगला धडा शोधून सापडणार नाही. १२ चे ८ आणि ४ असे तुकडे केले तर १०८० आणि ५४० मिळून १६२०. १२ म्हणजे ३ × ४ असे धरले तर १३५ ची तिप्पट ४०५ आणि तिची चौपट १६२०. १२ म्हणजे १० आणि २ धरले तर १३५० आणि २७०. १२ म्हणजे २० उणे ८ धरले तर २७०० मधून १०८० वजा. उत्तर प्रत्येक वेळी तेच. म्हणून तोंडी गुणाकार समोर आला की गुणायला सुरुवात करण्याआधी क्षणभर थांबून दोन्ही संख्यांकडे पाहावे आणि सर्वांत सोपा काप कोणता ते ठरवावे. पुढे जे येते ते अशा कापांचे नेहमी उपयोगी पडणारे काही प्रकार आहेत.

एखादी संख्या दहाच्या किंवा शंभराच्या पटीपेक्षा किंचित कमी असेल तर आयत थोडा मोठा काढावा आणि जादा पट्टी कापून टाकावी. ४९ × ३८ साठी ५० × ३८ म्हणजे १९००, त्यातून ३८ ची एक पट्टी वजा केली की १८६२. त्याच रीतीने ६८ × ९९ म्हणजे ६८०० उणे ६८, म्हणजे ६७३२.

दोन्ही संख्या शंभराजवळच्या असतील तर दोन्ही बाजूंनी पट्ट्या कापाव्या लागतात. ९७ × ९४ साठी १०० × १०० चा चौरस मनात आणावा. त्याच्या रुंदीतून ३ ची आणि उंचीतून ६ ची पट्टी काढून टाकायची आहे. दोन्ही पट्ट्या पूर्ण लांबीच्या धरून वजा केल्या तर १०,००० मधून ९०० जाऊन ९१०० उरतात. पण कोपऱ्यातला ३ × ६ चा तुकडा दोनदा वजा झाला, म्हणून त्याचे १८ एकदा परत मिळवायचे. उत्तर ९११८. प्रत्यक्षात एवढे करावे लागत नाही : एका संख्येतून दुसरीची शंभरातली तूट वजा करावी, ९७ − ६ = ९१, आणि पुढे तुटींचा गुणाकार १८ लिहावा. हा पुढचा भाग नेहमी दोन अंकी असला पाहिजे. ९८ × ९७ मध्ये तुटींचा गुणाकार ६ येतो, म्हणून ९५ पुढे ०६ लिहून उत्तर ९५०६ होते. तिथे ९५६ लिहिणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. ८८ × ८९ मध्ये तुटी १२ आणि ११ आहेत, त्यांचा गुणाकार १३२ येतो, म्हणून ७७०० मध्ये १३२ मिळवून ७८३२. संख्या शंभराच्या वर असतील तर तुटीऐवजी वाढ मिळवावी : १०४ × १०७ म्हणजे १११ आणि २८, म्हणजे १११२८. एक वर आणि एक खाली असेल तर कोपरा मिळवायचा नाही, वजा करायचा : १०३ × ९६ मध्ये १०३ − ४ = ९९, आणि ९९०० मधून १२ वजा केले की ९८८८.

ज्यांचे सहा ते नऊचे पाढे अजून डळमळीत आहेत, त्यांना हेच चित्र बोटांवर वापरता येते. ७ × ८ साठी एका हाताची पाचापेक्षा जास्तीची २ बोटे आणि दुसऱ्या हाताची ३ बोटे उघडावीत. उघडी बोटे ५, म्हणजे ५०, मिटलेली बोटे ३ आणि २, त्यांचा गुणाकार ६, उत्तर ५६. मिटलेली बोटे म्हणजे दहातली तूट आहे, एवढे लक्षात आले की शंभराची आणि बोटांची रीत एकच असल्याचे दिसते.

पाचाने संपणाऱ्या संख्येच्या वर्गाची युक्ती बहुतेकांना माहीत असते : ६५ चा वर्ग काढताना ६ ला पुढच्या ७ ने गुणून ४२ घ्यायचे आणि पुढे २५ लिहायचे, ४२२५. तिच्यामागचे चित्र फार देखणे आहे आणि ते प्रत्येकाने एकदा कागद कापून पाहावे. ६५ × ६५ च्या चौरसात ६० × ६० चा मोठा चौरस, उजवीकडे ५ रुंदीची एक पट्टी, खाली ५ उंचीची दुसरी पट्टी आणि कोपऱ्यात ५ × ५ चा छोटा चौरस असतो. खालची पट्टी कापून उभी करावी आणि उजव्या पट्टीला चिकटवावी. आता उंची ६० आणि रुंदी ६० + ५ + ५ म्हणजे ७० असा पूर्ण आयत मिळतो, आणि बाहेर फक्त २५ चा कोपरा उरतो. या चित्रात ५ आणि ५ चा उपयोग एवढाच झाला की त्यांची बेरीज दहा होते. म्हणून दशक सारखे आणि एककांची बेरीज दहा असलेल्या कोणत्याही जोडीला ही रीत लागू पडते : ६३ × ६७ मध्ये ४२ पुढे ३ × ७ चे २१, म्हणजे ४२२१, ६१ × ६९ मध्ये ४२ पुढे ०९, म्हणजे ४२०९.

पट्टी कापून फिरवण्याचा दुसरा उपयोग मधल्या संख्येपासून सारख्या अंतरावर असलेल्या जोड्यांसाठी होतो. ५३ × ४७ चा आयत ५३ रुंद आणि ४७ उंच आहे. त्याच्या कडेची ३ रुंदीची पट्टी कापून खाली आडवी ठेवली तर ५० × ५० चा चौरस जवळजवळ पूर्ण होतो, फक्त ३ × ३ चा कोपरा अपुरा राहतो. म्हणून २५०० − ९ = २४९१. शाळेत शिकलेले दोन वर्गांच्या फरकाचे सूत्र ते हेच. ३८ × ४२ म्हणजे १६०० − ४, म्हणजे १५९६, हे आता मनात व्हायला हवे.

अकराने गुणताना आयत १० आणि १ वर कापलेला असतो, म्हणून मधल्या घरात दोन्ही अंकांची बेरीज येते : ६३ × ११ म्हणजे ६, ९, ३, अर्थात ६९३. बेरीज दहा किंवा जास्त झाली तर हातचा डावीकडे जातो, म्हणून ७८ × ११ मध्ये ७, १५, ८ चे ८५८ होतात.

काही वेळा कापण्यापेक्षा आकार बदलणे सोपे असते. आयत मधोमध कापून एक अर्धा भाग दुसऱ्याच्या पुढे ठेवला तर एक बाजू निम्मी आणि दुसरी दुप्पट होते, क्षेत्रफळ तेच राहते. १६ × ३५ म्हणजे ८ × ७०, म्हणजे ५६०. ४८ × २५ म्हणजे २४ × ५०, म्हणजे १२ × १००, म्हणजे १२००. एक संख्या सम असेल आणि दुसरी पाचाने संपत असेल तर हा प्रयोग आधी करून पाहावा.

इथे जुन्या मराठी उजळणीची आठवण ठेवणे व्यवहारात फार उपयोगी आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पूर्वी मुलांकडून घोकून घेतले जात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांच्या पटी त्यांत असतात. आजच्या गुणाकारात त्यांचा उपयोग असा : ७५ हे शंभराचे पाऊण आहे, म्हणून ३६ × ७५ साठी ३६ चे पाऊण २७ काढून पुढे दोन शून्ये द्यावीत, २७००. १२५ हे सव्वाशे, म्हणून २४ × १२५ म्हणजे २४ ची सव्वापट ३०, उत्तर ३०००. अडीचशेंसाठी १८ ची अडीचपट ४५, म्हणून १८ × २५० = ४५००. साडेतीनशेंसाठी १४ ची औटपट ४९, म्हणून १४ × ३५० = ४९००. हे पाढे आज पूर्ण पाठ करण्याची गरज नाही. पाव आणि अर्धा झटकन काढता आला की बाकीचे त्यांतून तयार होतात. पण ज्या घरात एखाद्या आजोबांना किंवा आजींना ते अजून येतात, तिथे ते मुद्दाम म्हणून घ्यावेत आणि लिहून ठेवावेत.

उत्तर तपासणे

हाताने केलेला गुणाकार तपासल्याशिवाय पूर्ण समजू नये. तपासण्याचा पहिला उपाय म्हणजे अंदाज : ३७४ × ५८ हे सुमारे ४०० × ६० च्या, म्हणजे २४,००० च्या थोडे खाली असणार, त्यामुळे २१,६९२ पटण्यासारखे आहे आणि २,१६९ किंवा २,१६,९२० मुळीच नाही. दुसरा उपाय म्हणजे शेवटचा अंक : ४ × ८ = ३२, म्हणून उत्तर २ ने संपलेच पाहिजे.

तिसरा आणि अधिक काटेकोर उपाय नऊच्या बाकीचा, म्हणजे नऊने भागल्यावर उरणाऱ्या बाकीचा आहे; ती अंकांच्या बेरजेतून मिळते. ३७४ च्या अंकांची बेरीज १४, पुन्हा बेरीज ५. ५८ ची १३, पुन्हा ४. या दोहोंचा गुणाकार २०, त्याची बेरीज २. उत्तराच्या अंकांची बेरीज २ + १ + ६ + ९ + २ = २०, म्हणजे २. दोन्ही बाजू जुळल्या. मात्र दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर ही तपासणी ती पकडू शकत नाही. २१,९६२ लिहिले असते तरी बेरीज तीच आली असती. तिथे अकराची तपासणी कामी येते. उजवीकडून अंक आलटून पालटून मिळवावेत आणि वजा करावेत. ३७४ साठी ४ − ७ + ३ = ०, त्यामुळे उत्तरासाठीही शून्य किंवा अकराची पट यायला हवी. २१,६९२ साठी २ − ९ + ६ − १ + २ = ० येते; २१,९६२ साठी २ − ६ + ९ − १ + २ = ६ येते, आणि चूक उघडी पडते.

सराव कसा करावा

सुरुवातीला घड्याळ लावू नये. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत वेगाचा धाक पहिल्या दिवसापासून घातला जातो आणि त्यामुळे मुले युक्तीचे कारण न पाहता तिचे उत्तर तेवढे पाठ करतात. आधी प्रत्येक उदाहरण आयत काढून सोडवावे, मग आयत न काढता त्याच रीतीने, आणि शेवटी केवळ मनात. एका बैठकीत वीस वेगवेगळी उदाहरणे सोडवण्यापेक्षा एकच उदाहरण तीन रीतींनी सोडवण्याने काप ओळखण्याची नजर लवकर येते. ७२ × ३५ घ्यावे : निम्मे-दुप्पट करून ३६ × ७०, तुकडे करून ७० × ३५ आणि २ × ३५, किंवा ७२ ची औटपट २५२ काढून तिच्यापुढे शून्य. तिन्ही वाटांनी २५२० आले पाहिजेत.

पुढील उदाहरणांत आधी फक्त काप ठरवावा, उत्तर नंतर काढावे : ४८ × ५२, ८५ × ८५, ८८ × १२५, ९९६ × ९९३. शेवटच्या उदाहरणात आधार हजाराचा आहे, म्हणून ९९६ − ७ = ९८९ नंतर तुटींचा गुणाकार २८ हा ०२८ असा तीन अंकी लिहावा लागतो आणि उत्तर ९,८९,०२८ येते. ही चार जमली की ६४ × ३६ कडे वळावे. त्याची मधली संख्या ५० आहे, म्हणून २५०० मधून १४ चा वर्ग १९६ वजा करता येतो. किंवा ६४ हा ८ चा आणि ३६ हा ६ चा वर्ग असल्यामुळे हे ४८ × ४८ होते, आणि तो चौरस ५० × ५० मधून दोन्ही बाजूंनी २ ची पट्टी कापून, कोपऱ्याचे ४ परत मिळवून काढता येतो. दोन्ही उत्तरे २३०४ येतात का, हे आधी नऊच्या बाकीने आणि मग जाळी मांडून पाहावे.